चाफ्याचे कूळ आणि मूळ

गेल्या नोव्हेंबरच्या २ तारखेला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही नेहमीप्रमाणे धर्मग्रामाच्या दफनभूमीत गेलो. कबरी धुतलेल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या, झेंडूच्या माळांनी क्रूस झाकून गेले होते. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडीत कबरींच्या ओळींतून फिरत होते. सारे दरवर्षीप्रमाणेच होते. मात्र पश्चिमेच्या भिंतीलगतचा चाफा तेथे नव्हता. आमच्या आजोबांच्या काळापासून जेथे ते वाकडेतिकडे, राखी सालीचे म्हातारे झाड उभे होते, तेथे आता नव्या फरशीचा गुळगुळीत चौकोन होता.

चौकशी केली तेव्हा कळले, की फरशी बसवताना झाडाची मुळे आड आली आणि ते तोडावे लागले. काम पाहणाऱ्या एका गृहस्थांनी आमची समजूत घातली, "अहो, ते झाड तरी आपल्याकडचे कुठे? परदेशी झाड ते." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. जवळच एक वृद्ध बाई पतीच्या कबरीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "परदेशी असेल बाबा, पण माझ्या माणसावर पंचवीस वर्षे फुले त्यानेच वाहिली. मला या पायांनी रोज यायला कुठे जमत होते?"

घरी परतताना 'परदेशी' हा शब्द आमच्या मनातून जाईना. हा शब्द आपल्या समाजाने पूर्वीही ऐकला आहे. झाडाविषयी नव्हे, आपल्या श्रद्धेविषयी. म्हणूनच चाफ्याचे कूळ आणि मूळ एकदा नीट शोधून पाहावे असे आम्हांस वाटले. हाती जे आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घरचे आडनाव

मराठी माणसाला 'चाफा' म्हटले की एक झाड दिसत नाही, एक गोतावळा दिसतो. सोनचाफा, कवठी चाफा, नागचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा अशी ही मंडळी. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्यात फारसे नाते नाही. भुईचाफा हा हळदीच्या कुळातला कंद, नागचाफा हा नागकेशराचा वृक्ष, तर हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. आपल्या पूर्वजांनी शास्त्र पाहिले नाही, सुगंध पाहिला. आणि ज्याचा सुगंध मनात घर करून राहिला त्याला 'चाफा' हे घरचे आडनाव देऊन टाकले.

ज्या झाडाविषयी आम्ही लिहीत आहोत, ते या गोतावळ्यात सर्वांत उशिरा आलेले. त्याला कोणी देवचाफा म्हणतात, कोणी खुरचाफा, कोणी नुसताच पांढरा चाफा. शास्त्रीय नाव प्लुमेरिया. हे झुडूप किंवा लहान वृक्ष कण्हेर, तगर, सदाफुली आणि करवंद यांच्या कुळातले. त्यामुळे पान तोडले की पांढरा चीक गळतो. आपल्याकडे मुख्यतः त्याचे दोन प्रकार दिसतात. एकाची पाने टोकदार असून ती हिवाळ्यात गळून पडतात. त्याची फुले पांढरी व आत पिवळी, किंवा गुलाबी आणि लालही असतात. दुसऱ्याची पाने टोकाशी गोलसर व बहुधा बारमाही हिरवी, आणि फुले शुभ्र. पाच पाकळ्या एकमेकींवर किंचित कलून बसलेल्या, जणू एकीने दुसरीला खांदा दिलेला.

या फुलाचा सुगंध दिवसापेक्षा रात्री अधिक दरवळतो. रात्री उडणारे मोठे पतंग त्या वासाने मधाच्या आशेने येतात. परंतु या फुलात मध नसतो. फसगत झालेला पतंग एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे जातो आणि नकळत पराग वाहून नेतो.

या झाडाचे माहेर आशिया खंडात नाही. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन समुद्रातील बेटे ही त्याची जन्मभूमी. तेव्हा दफनभूमीतले ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. पण 'परदेशी' या एका शब्दात जे मावत नाही, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कावळ्याचे फूल

युरोपीय लोक अमेरिकेत पोहोचण्यापूर्वी कित्येक शतके तेथील लोक हे फूल जपत आले होते. माया लोक त्याला 'निक्ते' म्हणत. मेक्सिकोच्या पठारावरील नाहुआ लोकांची भाषा नाहुआत्ल. तिच्यात या फुलाचे नाव 'काकालोशोचित्ल'. 'काकालोत्ल' म्हणजे कावळा आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. कावळ्याचे फूल! पुढे स्पॅनिश लोकांनी त्याला 'मे महिन्याचे फूल' हे साधे नाव दिले, कारण त्या सुमारास ते तिकडे बहरते.

नाहुआ समाजात फूल ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. सुवासिक फुलांचे हार पाहुण्यांच्या गळ्यात घालीत, देवतांना फुले वाहात, आणि हातात फुलांचा गुच्छ धरणे हा थोरामोठ्यांचा मान समजला जाई. त्यांच्या एका रिवाजाची नोंद वाचून तर आम्ही चकित झालो. गुच्छाच्या मध्यभागाचा वास माणसाने घ्यायचा नसे. तो भाग त्यांच्या देवाचा. माणसाने फक्त कडेच्या फुलांचा वास घ्यावा. आपल्या घराशेजारच्या हिंदू बांधवांकडे 'देवाला वाहायचे फूल हुंगू नये' असे लहानपणी आम्ही कितीदा ऐकले आहे! सात समुद्र मध्ये असताना दोन समाजांनी एकच मर्यादा कशी पाळली असेल?

हा रिवाज ज्यांनी लिहून ठेवला, ते फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर बेर्नार्दिनो दे साआगुन. आणि येथेच चाफ्याच्या कथेत आपल्या ख्रिस्तसभेचा प्रवेश होतो.

त्लातेलोल्कोचे विद्यालय

१५२१ साली स्पॅनिश सैन्याने नाहुआंची राजधानी जिंकली. तिच्या लगतच्या त्लातेलोल्को या वस्तीत फ्रान्सिस्कन संघीयांनी १५३६ साली, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, एक विद्यालय उघडले. त्याचे नाव सांता क्रूझ, म्हणजे पवित्र क्रूसाचे विद्यालय. नाहुआ सरदार घराण्यांतील मुले तेथे लॅटिन, व्याकरण आणि तर्कशास्त्र शिकू लागली. फादर साआगुन त्यांच्या शिक्षकांपैकी एक. अल्पावधीतच ही मुले अशी तयार झाली, की पराभूत समाजातील तरुण इतके अस्खलित लॅटिन लिहितात हे काही स्पॅनिश अधिकाऱ्यांना रुचेना.

१५४५ साली मेक्सिकोत भयंकर साथ आली. त्लातेलोल्कोत आपण स्वतः दहा हजारांहून अधिक मृतदेहांना मूठमाती दिली असे साआगुन यांनी नमूद केले आहे. ज्यांच्या अंगी पिढ्यानपिढ्यांचे वनौषधींचे ज्ञान होते, तेही या साथीत गेले. ते ज्ञान लिहून ठेवले नाही तर त्यांच्याबरोबर मातीत जाईल, हे उरलेल्यांना उमगले असले पाहिजे.

या विद्यालयात मार्तिन दे ला क्रूझ नावाचे एक नाहुआ वैद्य होते. त्यांनी ग्रंथ अभ्यासले नव्हते. अनुभव हाच त्यांचा गुरू होता, असे ते स्वतःच सांगतात. १५५२ साली त्यांनी आपल्या भाषेत वनौषधींचे एक पुस्तक सांगितले. शोचिमिल्को गावचे हुआन बादियानो हे त्याच विद्यालयातील नाहुआ अध्यापक. त्यांनी त्याचा लॅटिन अनुवाद केला. व्हाइसरॉयचे पुत्र फ्रान्सिस्को दे मेन्दोसा यांच्या सांगण्यावरून, स्पेनच्या राजाला भेट म्हणून ते सिद्ध झाले. तेरा प्रकरणांच्या या पुस्तकात वनस्पतींची १८० हून अधिक रंगीत चित्रे आहेत. प्रत्येकीचे नाव नाहुआत्ल भाषेत आणि उपचार लॅटिनमध्ये. डोके, डोळे, दात, छाती, पोट असे करीत ते पायापर्यंत येते आणि अखेरीस मरणाची लक्षणे सांगून थांबते.

काकालोशोचित्ल, म्हणजे आपला चाफा, या पुस्तकात आहे. राज्यकारभाराचे ओझे वाहून थकलेल्या अधिकाऱ्यांसाठीही त्यात उपचार दिलेला आहे. सुवासिक फुलांच्या पाण्याने त्यांचे अंग चोळावे, म्हणजे शीण जातो! ते वाचताना आमच्या ओठांवर हसू उमटले आणि मग मन गंभीर झाले. ज्यांचे राज्य नुकतेच गेले होते, ते आपल्या जेत्यांच्या थकव्यावर औषध लिहीत होते.

दोन्ही बाजू

येथे एक कटू सत्य सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या फ्रान्सिस्कन संघाने त्लातेलोल्कोचे विद्यालय उभारले, त्याच संघाचे दिएगो दे लांदा यांनी १५६२ साली युकातानमधील मानी गावी माया लोकांची चित्रलिपीतील पुस्तके मूर्तिपूजेची म्हणून जाळून टाकली. त्या पुस्तकांत झाडापाल्याचे, ग्रहताऱ्यांचे, पूर्वजांचे जे काही होते, ते राख झाले. १५५५ साली मेक्सिकोच्या पहिल्या धर्मपरिषदेने स्थानिक लोकांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यास मनाई केली. म्हणजे बादियानो यांच्यासारखा विद्वान लॅटिन शिकवू शकत होता, पण वेदीवर उभा राहून मिस्सा अर्पू शकत नव्हता. १५७७ साली तर स्पेनच्या राजाने स्थानिकांच्या रूढींविषयी लिहिण्यासच बंदी घातली आणि साआगुन यांचे कागद जप्त करण्याचा हुकूम काढला. सुदैवाने त्यांच्या बारा खंडांच्या महान ग्रंथाची एक प्रत वाचली. ती आज इटलीतील फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. गुच्छाच्या मध्यभागाचा रिवाज आपल्याला कळतो तो तिच्यामुळेच.

तेव्हा सुवार्तिकांनी अमेरिकेत ज्ञान जपले म्हणावे, की नष्ट केले? दोन्ही. एकाच झग्याच्या माणसांनी दोन्ही केले. आपल्या पूर्वसूरींचा अभिमान बाळगणाऱ्याने त्यांच्या चुकांचाही वारसा पत्करायला हवा, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

पुस्तकाची घरवापसी

मार्तिन आणि हुआन यांचे पुस्तक जहाजातून स्पेनला गेले. पुढे राजाच्या एका औषधनिर्मात्याच्या हाती आले. १६२६ च्या सुमारास कार्दिनल फ्रान्चेस्को बार्बेरिनी यांनी ते रोमला नेले आणि ते त्यांच्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहात विसावले. १९०२ साली तो संग्रहच व्हॅटिकन ग्रंथालयात सामील झाला. १९२९ साली चार्ल्स अप्सन क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाला तेथे ते सापडले, तेव्हा जगाला त्याची नव्याने ओळख झाली. जवळजवळ पावणेचारशे वर्षे कपाटात राहूनही त्यातील रंग टवटवीत होते.

१९९० साली संत जॉन पॉल दुसरे, जे त्या वेळी पोपपदावर होते, त्यांनी हे पुस्तक मेक्सिकोला परत केले. आज ते मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्थेच्या ग्रंथालयात आहे. व्हॅटिकनने जपलेली वस्तू व्हॅटिकननेच मूळ धन्यास सन्मानाने परत करावी, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जपणे हे पुण्य खरे. पण ज्याचे त्याला देणे हे त्याहून मोठे पुण्य.

दोन नावांची गोष्ट

या फुलाला इंग्रजीत व इतर युरोपीय भाषांत 'फ्रांजिपानी' म्हणतात. हे एका इटालियन सरदार घराण्याचे नाव. हातमोजे सुगंधित करण्याचा एक सुवास या घराण्याच्या नावाने युरोपात प्रसिद्ध होता. अमेरिकेतील फुलाचा वास तसाच वाटला म्हणून नाव फुलाला चिकटले. 'फ्रांजिपानी'चा अर्थ 'भाकर मोडणारा' असा सांगतात. दुष्काळात या घराण्याच्या एका पूर्वजाने गोरगरिबांना भाकर वाटली, अशी त्यामागची आख्यायिका. मिस्साबलिदानात भाकर मोडली जाताना पाहणाऱ्या आपल्या कानांना हे नाव परके वाटू नये.

याच घराण्यात जाकोपा नावाची एक स्त्री सून म्हणून आली होती. तरुणपणीच विधवा झालेली ही रोमची श्रीमंत बाई असिसीकर संत फ्रान्सिस यांची जिवलग स्नेही. संत तिला प्रेमाने 'बंधू जाकोपा' म्हणत. १२२६ साली ते मरणशय्येवर असताना त्यांना आवडणारी बदामाची मिठाई घेऊन ती आली होती. असिसीच्या महामंदिरात, संतांच्या समाधीनजीकच तिलाही चिरविश्रांती मिळाली आहे.

दुसरे नाव शास्त्रातले, प्लुमेरिया. ते शार्ल प्ल्युमिये यांच्या स्मरणार्थ. १६४६ साली फ्रान्सच्या मार्सेय बंदरात जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी मिनिम संघात व्रतस्थ झाला. पाओला गावचे संत फ्रान्सिस हे या संघाचे संस्थापक. त्यांचे नाव असिसीच्या संतांवरूनच ठेवलेले. या संघाचे बंधू बारा महिने उपवासकाळ पाळीत; मांस, अंडी, दूध, सारे वर्ज्य. गणित आणि चित्रकला शिकता शिकता प्ल्युमिये वनस्पतींकडे वळले. फ्रान्सच्या राजाच्या वतीने १६८९ पासून त्यांनी वेस्ट इंडीज बेटांच्या तीन सफरी केल्या. १७०४ साली चौथ्या सफरीच्या तयारीत असताना स्पेनच्या किनाऱ्यावरील एका गावी त्यांना मृत्यू आला. मागे उरली ती हस्तलिखिते आणि सुमारे सहा हजार चित्रे. बेगोनिया, फुक्सिया, मॅग्नोलिया ही आज बागेबागेतली नावे त्यांनीच ठेवलेली. पण त्यांतले एकही त्यांनी स्वतःसाठी ठेवले नाही. चाफ्याला त्यांचे नाव दिले ते तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि १७५३ साली लिनियसने ते आपल्या ग्रंथात कायम केले.

शास्त्राने एका व्रतस्थाची आठवण ठेवली याचा आम्हांला आनंद आहे. मात्र प्ल्युमिये यांच्या जन्माच्या ९४ वर्षे आधी हे फूल ज्यांनी पुस्तकात आणले, त्या मार्तिन आणि हुआन यांचे नाव शास्त्राने चाफ्याला दिले नाही, हेही आपण ध्यानात ठेवलेले बरे.

एकाच टेकडीवर

मेक्सिकोचे हे झाड पूर्वेकडे आले ते जलमार्गांनी. १५६५ पासून १८१५ पर्यंत मेक्सिकोचे आकापुल्को बंदर आणि फिलिपाइन्समधील मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबते ये-जा करीत. इकडून रेशीम व मसाले जात, तिकडून चांदी येई. चांदीबरोबर रोपे, बिया आणि फांद्याही आल्या. फिलिपाइन्सच्या लोकांनी चाफ्याला जे नाव दिले ते आहे 'कालाचुची'. 'काकालोशोचित्ल' हा शब्द समुद्रावर घासून घासून गुळगुळीत झाला, तो असा. मनिला, मलाक्का, गोवा आणि वसई ही बंदरे त्या काळी व्यापाराने व ख्रिस्तसभेच्या कार्याने जोडलेली होती. अननस, पपई, पेरू, मिरची, काजू ही आज आपल्या वाडीत व ताटात असलेली मंडळीदेखील अमेरिकेतून याच शतकांत आली.

त्या जलमार्गाचा उल्लेख निघाला, की आम्हांला आपल्या वसईच्या सुपुत्राची आठवण होते. संत गोन्सालो गार्सिया येथून पूर्वेला गेले, मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले आणि १५९३ साली तेथूनच जपानला रवाना झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवण्यात आले, त्यांत ते होते. त्याच ओळीत आणखी एक तरुण फ्रान्सिस्कन होता. मेक्सिको शहराचा फेलिपे दे हेसूस. धर्मगुरुपदाची दीक्षा घेण्यासाठी तो मनिलाहून आपल्या मायदेशी निघाला होता. वादळाने त्याचे गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले आणि दीक्षेऐवजी त्याला क्रूस मिळाला. ८ जून १८६२ रोजी वसईचा गोन्सालो आणि मेक्सिकोचा फेलिपे यांना एकाच सोहळ्यात संतपद बहाल झाले. चाफ्याच्या माहेरचा मुलगा आणि त्याच्या सासरचा मुलगा एकाच टेकडीवर शेजारी झाले. दोघांत परदेशी कोण?

देवळाचे, मशिदीचे, कबरीचे

आशियात चाफ्याला जसा मान मिळाला तसा क्वचितच कोणा पाहुण्या झाडाला मिळाला असेल. श्रीलंकेत तो 'अरलिया' झाला आणि बुद्धमूर्तीपुढे वाहिला जाऊ लागला. लाओसमध्ये 'डोक चंपा' या नावाने तो राष्ट्रीय फूल आहे. त्या नावातला 'चंपा' आणि आपला 'चाफा' हे सख्खे भाऊ. मलाय भाषेत त्याला कबरीचे फूल असेही म्हणतात, तर इंडोनेशियाच्या दफनभूमींत तो जागोजागी उभा आहे. आपल्या कोकणात देवळाच्या आवारात, दर्ग्याच्या भिंतीलगत आणि चर्चच्या अंगणात असे तिन्ही ठिकाणी म्हातारे चाफे दिसतात. मूळ गावी, मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशानेही १९७१ साली त्यास राष्ट्रीय फूल ठरवले.

हवाई बेटांवर तर याहून वेगळी गंमत घडली. १८६० साली हिलब्रँड नावाच्या वैद्यांनी तेथे हे झाड नेले. आरंभी ते दफनभूमीत वाढले म्हणून लोक त्याला घरात येऊ देईनात. आणि आता तीच फुले ओवून पाहुण्यांच्या गळ्यात घालतात.

कबरीपाशी हेच झाड का? कारणे व्यवहाराचीही आहेत. चिकामुळे गुरेशेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत. पाणी घालायला कोणी नसले तरी ते तगते. कापलेली फांदी चार दिवस सावलीत सुकवून मातीत खोचली तरी जगते. फूल झाडावर कोमेजण्याची वाट पाहात नाही; ताजे असतानाच अलगद गळते आणि खालच्या दगडावर दिवसभर टवटवीत राहाते. त्या वृद्ध बाईंनी 'त्यानेच फुले वाहिली' म्हटले, ते अक्षरशः खरे होते.

औषध म्हणूनही आपल्या लोकांनी त्याचा उपयोग केला. हिवतापात चाफ्याच्या कळ्या विड्याच्या पानात घालून चघळीत. दुखऱ्या सांध्यांवर आणि खरजेवर चीक लावीत. मुळाची साल जुलाबासाठी देत. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी या झाडातून 'प्लुमेरिसिन' नावाचे द्रव्य वेगळे केले आणि ते जंतू व बुरशी यांना रोखते असे प्रयोगशाळेत दिसून आले. तथापि वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे, की हे घरी करून पाहू नये. साल तीव्र रेचक आहे, अधिक मात्रेने जिवावर बेतते. चिकाने कातडीवर फोड उठतात आणि डोळ्यांस इजा होते. जुन्या वैद्यांच्या हाताला मात्रेचा अंदाज होता. आपल्या हाताला तो नाही.

आपले म्हणजे काय?

आपली श्रद्धा परकी नाही हे सांगताना आपण बहुधा तिचे वय सांगतो. पोर्तुगीज येण्यापूर्वी दोनशे वर्षे, १३२१ साली, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मवीरांचे रक्त सांडले आणि त्यांच्या देहांना सोपाऱ्यात मूठमाती मिळाली, हा इतिहास आपण अभिमानाने पुढे करतो. तो खराच आहे आणि मुलांना शिकवलाच पाहिजे. पण केवळ वयावरच आपलेपणा ठरत असता, तर चाफा कधीच आपला झाला नसता.

चाफा आपला झाला तो जुना म्हणून नव्हे. या मातीत त्याने मूळ धरले, येथले ऊनपाऊस सोसले, कोणाच्या अंगणात उभे आहोत हे न पाहता फुले वाहिली. आणि आपल्या लोकांनी त्याला घरचे नाव दिले. स्नानसंस्काराच्या वेळी मुलाला नाव मिळते आणि ते कुटुंबाचे होते, तसेच काहीसे. पण आपले म्हणताना देणाऱ्याला विसरणे हीही एक चोरीच. म्हणून चाफ्याखाली उभे राहू तेव्हा मार्तिन आणि हुआन यांची, साथीत गेलेल्या आणि पुस्तके जळताना पाहिलेल्या त्या लोकांचीही आठवण ठेवू या. नोव्हेंबर महिना मृतांचा; त्यांतले ते आपलेच मृत आहेत.

तोडलेल्या झाडाच्या काही फांद्या दफनभूमीच्या मागच्या बाजूला ढिगात पडून होत्या. कित्येक महिने लोटले तरी त्यांतील दोन-तीन आतून हिरव्या होत्या. धर्मगुरूंच्या परवानगीने, फरशी जेथे पोहोचली नाही अशा एका कोपऱ्यात, आम्ही त्यांतली एक फांदी लावली आहे. खड्डा त्याच गृहस्थांनी खणून दिला. हिवाळाभर ती नुसती काठीसारखी उभी होती; पाहणारे हसत होते. भस्म बुधवारीही तिच्यावर काही नव्हते. झावळ्यांच्या रविवारी टोकाशी दोन कोवळी पाने दिसली. फुले यायला अजून एखाददोन वर्षे लागतील, असे माळी सांगतो. त्या वृद्ध बाई मात्र आताच विचारू लागल्या आहेत, की दुसरी फांदी त्यांच्या माणसाच्या कबरीजवळ कधी लावणार.